शार्कच्या पंखांचं सूप

देवळाली प्रवरातल्या एका बागायतदाराच्या घरचा कार्याचा स्वयंपाक मी पंधरा वर्षं करतोय. माणूस ऊस झकास पिकवतो, अक्कल तेवढी पिकायची राहिली. परवा त्याच्या पन्नाशीचं जेवण होतं. त्यानं मला आत बोलावून पिशवी उघडली. आत वाळके, राखाडी, तिकोनी तुकडे. वासावरूनच ओळखलं.

"मामा, शार्कचे पंख हायेत. मुंबईच्या पाव्हण्यानं दिले. चीनमधी राजे लोक ह्याचं सूप प्यायचे म्हनं. आज आपल्याकडं झालंच पायजे."

तरुणपणी दोन वर्षं मी कोकणात एका बंदरावर बोटवाल्यांचं जेवण रांधायचो. तिथं हे पाहिलं होतं. पंख कापून घ्यायचे आणि जिवंत धड समुद्रात लोटायचं. त्याला पोहता येत नाही, ते तळाशी जाऊन मरतं. भाव पंखाला, मग धडाला बोटीत जागा कोण देतो? या माशाला पिल्लंही थोडी होतात, म्हणून तो संपत चाललाय. हे सगळं मी त्याला सांगितलं. पंखाला स्वतःची चव नसते, चव असते ती कोंबडीच्या पाण्याची, हेही सांगितलं.

"मामा, तुमी फकस्त शिजवा," तो म्हणाला.

बरं म्हटलं. पंख उकिरड्यात खोल पुरले. कोंबडीच्या पाण्याला मक्याचं पीठ लावलं आणि त्यात बारीक शेवया सोडल्या.

तालुक्यातले झाडून सगळे शहाणे भुरके मारत बसले. एकाला समुद्राचा वास आला, दुसऱ्याला तिथल्या तिथं गुडघ्यात ऊब वाटायला लागली. गाढवाला गुळाची चव काय. मी पातेल्यामागं उभा राहून मनसोक्त हसून घेतलं.

मग मालकानं फोन काढला आणि पाव्हण्याला म्हणाला, "पोरीच्या लग्नाला पाचशे मानसांचं लागंल. आत्तापासून जमवायला घे."

मी पळी खाली ठेवली. या घरचं काम जाईल हे कळत होतं, तरी पुढं झालो.

"दादा, त्या शेवया हुत्या. पंख उकिरड्यात पुरलेत. चला, उकरून दाखवतो."

ताट सोडून उकिरड्यावर कोण येतंय? पंगत खदखदून हसली.

"शेवया आमी जन्मात खाल्ल्या न्हाईत व्हय?" मालक म्हणाला, आणि परत फोनवर, "हां, पाचशेच. चव एक नंबर हाय."

ती चव माझ्या हातची होती.