खिडकीतली बरणी

"मौसीजी... मॅडम नहीं रहीं." गुरमीतचा फोन सांगलीला आला तेव्हा मी कुकर लावत होते. गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून राहिले. आईमागे मला वाढवणारी माझी थोरली बहीण तिकडे चंदीगडला वारली, आणि शेवटी तिच्या उशाशी होती ती ही गुरमीत, तिची एके काळची विद्यार्थिनी.

ताई तिथल्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची. भाऊजी डॉक्टर, मूलबाळ नाही. मी कॉलेजला तिच्याकडेच होते, पंजाब पेटलेला होता त्या वर्षांत. वर्गीकरण शिकवायला लागली की ताई मुलांना पानं, शिंपले, पिसं, मेलेले भुंगे आणायला लावायची आणि जमिनीवर त्यांचे ढीग करायला सांगायची. चूक कुणाला म्हणायची नाही. "हे इथं का?" एवढंच विचारायची. गुरमीत देवमाशाचं चित्र हट्टाने माशांतच ठेवायची.

मग एक दिवस बाजारात गोळीबार झाला आणि गुरमीतच्या वडलांनी तिची शाळा बंद केली. दहावीचं वर्ष! कर्फ्यू सैल झाला की ताई स्कूटर काढून शहरालगतच्या मनीमाजऱ्याला तिच्या घरी जायला लागली. भाऊजी भडकायचे, "जीव नकोसा झालाय का तुला?" ताई हेल्मेट चढवत म्हणायची, "अहो, माझी पोर अजून देवमाशात अडकलीय. तशीच सोडू?"

मागे मी बसायचे, मांडीवर लोणच्याची काचेची बरणी घेऊन. आत तळ्याचं पाणी, थोडी पाणवनस्पती, दोन गोगलगायी; झाकण घट्ट. परिसंस्था शिकवायची होती ना! गोगलगाय वनस्पती खाते, तिची घाण वनस्पतीला खत होते, एकीचा श्वास दुसरीला पुरतो... गुरमीतचे वडील दारात उभे राहून ऐकायचे. एकदा म्हणाले, "मॅडमजी, ढक्कन बंद है, फिर भी मज़े में हैं. तो मेरी बेटी घर में बंद रहे, क्या बिगड़ेगा?"

ताईने बरणी उचलून उजेडाकडे धरली. मग ती हळूच म्हणाली, "भाईसाहब, इसे खिड़की में रखती हूँ. अलमारी में रखके देखो, दोनों मर जाएँगे."

परीक्षेला वडील स्वतः गुरमीतला घेऊन आले आणि पेपर संपेपर्यंत फाटकाशी उभे राहिले. आज गुरमीत जीवशास्त्रच शिकवते.

तेराव्यानंतर मी आणि गुरमीतने ताईचं घर आवरायला काढलं. भाऊजी काही वर्षांपूर्वीच वारलेले. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं, असे ढीग केले. ताईचा चष्मा मी उचलायची, एका ढिगात ठेवायची, परत उचलायची. "हे इथं का?" म्हणणारी कुठे होती... फार रडले मी. भांडलेही तिच्याशी, मनातल्या मनात. एवढी काय घाई होती गं तुला?

निघायच्या दिवशी मी खिडक्या लावल्या, पडदे ओढायला लागले. स्वयंपाकघरात गुरमीतने माझा हात धरला. खिडकीत तीच बरणी होती. त्याच गोगलगायींची पतवंडं काचेवरून सरकत होती.

"पडदा रहने दो, मौसीजी. इसे लेने गाड़ी लेकर आऊँगी, तब तक."

मी पडदा तसाच ठेवला आणि घराला कुलूप लावलं.