दोराला पहिला हात

आप्पा कुठलीही गोष्ट दोनदा सांगायचे. लक्ष्मीच्या देवळाच्या कट्ट्यावर गावाची बैठक बसली की उजवीकडे वरच्या गल्लीतली मराठी मंडळी, डावीकडे खालच्या गल्लीतली कानडी आणि मधे आप्पा. आधी उजवीकडे वळून मराठीत सांगायचे, मग तळहातावर तंबाखू मळत जरा थांबायचे आणि डावीकडे वळून तेच कानडीत. त्या थांबण्यात सगळा कट्टा गप्प असायचा. आप्पा गेले, पण बेळगावच्या कोर्टात एखादे जज्जसाहेब बोलता बोलता थांबले की मी अजून दचकते. वाटतं, आता दुसऱ्यांदा सांगतील.

निपाणीकडच्या आमच्या गावात आप्पांना कुठलंच पद नव्हतं. पंचायतीला ते कधी उभे राहिले नाहीत. पण ओढ्याचं पाणी आधी कुणाच्या शेतात, यात्रेतला रथ कुठल्या गल्लीतून, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं, कागदावर काहीच नव्हतं. वकील झाल्यावर मी त्यांच्या मागे लागले, "आप्पा, गावाचे नियम लिहून काढू या. दोन्ही भाषांत."

"नगं," आप्पा म्हणाले. "लिवलं की लोक वाचत्यात. न्हाय लिवलं की येऊन इचारत्यात. इचाराय आली की च्या पिऊन जात्यात, आन् च्या पिलेला माणूस लगीच भांडत न्हाय."

आतून त्यांच्या सुनेनं भांडी जोरात आपटली. तो चहा तिलाच करावा लागायचा.

मी ओढ्यापलीकडच्या बौद्ध गल्लीतली. माझ्या आजोबांना या कट्ट्यावर कधी पाय ठेवता आला नाही. आप्पा मला दर बैठकीला हाक मारून वर बोलवायचे, "ये गं वकीलबाई, हितं बस." मग डावीकडे वळून तेच कानडीत, म्हणजे ऐकू आलं नाही असं म्हणायची कुणाला सोयच नको. एकदा मी त्यांना विचारलं, "तुम्ही बोलावता म्हणून मी इथं बसते. तुम्ही नसाल तेव्हा?" आप्पा तंबाखू मळत राहिले, तिचा भुगा होईपर्यंत, आणि तोंडात न टाकताच हात झटकला.

आमच्याकडे लक्ष्मीची यात्रा पुष्कळ वर्षांनी एकदा येते. मागच्या यात्रेत रथाच्या दोराला पहिला हात कुणी लावायचा यावरून दोन्ही गल्ल्या काठ्या घेऊन समोरासमोर आल्या होत्या. आप्पांनी वरच्या गल्लीच्या नारायणअण्णांना देवळामागे नेलं, मग खालच्या गल्लीच्या शिवप्पांना चिंचेखाली. परत येऊन स्वतःच दोर धरला आणि रथ हलला. संध्याकाळी मी त्यांना घरी सोडायला गेले तेव्हा विचारलं, काय सांगितलंत?

"पुढच्या यात्रंला पयला हात तुमचा, आसं."

"कुणाला?"

"दोघांस्नी बी."

"आप्पा, हे खोटं झालं!"

"खोटं न्हवं गं, लांबचं हाय. तवर पोरं शानी हुतील."

मी हसले होते.

शेवटच्या आजारात त्यांना बेळगावला दवाखान्यात ठेवलं होतं. आवाज अगदी खोल गेला होता. मला जवळ बोलावून म्हणाले, "मी गेल्यावर लिव. माझ्यादेखत नगं. आन् आधी तुजं लिव. तुज्या आज्जाला कट्ट्यावर येऊ देऊ नगा, आसं कुटं लिवलं हुतं का? तरी कुणी येऊ दिलं न्हाय." एवढं बोलून ते थांबले. मी वाट पाहिली. ते पुन्हा काही बोलले नाहीत.

यंदा यात्रा आली आणि आप्पांशिवायची पहिली बैठक बसली. दोन्ही भाषा एकाच वेळी ओरडत होत्या. दोन्हीकडून एकच गोष्ट, आप्पांनी आम्हाला शब्द दिला होता. शेवटी नारायणअण्णा माझ्याकडे वळले, "वकीलबाई, तू दोन्हीकडची न्हवंस. आप्पानं शबूद कुणाला दिला हुता?"

खरं सांगावं तर मेलेला माणूस खोटा पडत होता. गप्प बसावं तर दोरापाशी डोकी फुटणार होती. मी म्हणाले, "दोघांनाही."

मग शिवप्पा हळूच, मराठीतच म्हणाले, "म्हाईत हाय. मला तवाच कळलं हुतं."

"मला बी," नारायणअण्णा म्हणाले.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"आप्पा हुता न्हवं," शिवप्पा म्हणाले. "त्येला त्वांडावर खोटा कोन पाडनार? आता कुनाची भीड धरायची?"

मला रडू आवरेना. गावाला इतकी वर्षं आप्पांच्या शब्दानं नव्हे, त्यांच्या भिडेनं सांभाळलं होतं, आणि ती भीड त्यांच्याबरोबरच गेली होती. मग आम्ही गावाचे नियम लिहायला बसलो. शब्दाशब्दावर वाद झाले. दोराची पाळी आलटूनपालटून ठरली, पहिली पाळी कुणाची ते चिठ्ठी टाकून. पहिलं कलम मी आप्पांच्या सांगण्याप्रमाणे लिहिलं, कट्ट्यावर प्रत्येक गल्लीची जागा. एकजण कुरकुरला, "ह्ये कशाला लिवायचं? तुला कोन नगं म्हनतंय?" मी ते कलम सोडलं नाही. आता तो कागद दोन्ही भाषांत काचेच्या चौकटीत देवळात लावलाय. यात्रा डोकी न फुटता पार पडली. लोक येतात, वाचतात आणि आपापल्या घरी जातात. आप्पांच्या सुनेला आता चहा करावा लागत नाही. परवा भेटली तर म्हणाली, "घर खायाला उठतंय बाई."

मागच्या आठवड्यात बैठक होती. सगळ्यांच्या आधी जाऊन मी माझ्या जागेवर बसले. ती आता माझी आहे, तसं लिहिलेलं आहे. मंडळी जमली, दोन्ही बाजू भरल्या, बोलणं सुरू झालं. मला कुणी ऊठ म्हणालं नाही. मी मात्र सगळा वेळ मधल्या रिकाम्या जागेकडे कान लावून बसले होते. "ये गं," असं कुणी म्हणालं नाही.