मे महिन्यात वाळवंट

माझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला नवऱ्याने मला ‘सरप्राइज’ द्यायचं ठरवलं आणि ते सगळ्या भाजे गावाला माझ्याआधी कळलं. दूधवाल्याने विचारलं, “वैनी, तिकडं उंटाचं दूध मिळतं म्हणं?” मळवलीच्या वाण्याने सामानाच्या पिशवीत आपणहून ओआरएसची पाकिटं टाकली. सासूबाई आदल्या दिवशी भाकऱ्या थापताना म्हणाल्या, “वाळवंटात चाललाय तुमी. डोक्याला कापड बांध. आन मी सांगितलं म्हनू नगंस, पोराचं मन मोडंल.”

मी पोराचं मन मोडलं नाही. आरशासमोर उभी राहून चकित व्हायचा सराव केला.

मे महिन्यात आख्खी मुंबई उकाड्याला कंटाळून लोणावळ्याला येते. आणि नेमकं तेव्हाच, तिच्या उलट दिशेने, माझा नवरा जैसलमेरला निघाला. कारण काय, तर चार वर्षांपूर्वी टीव्हीवर वाळूच्या टेकड्या बघून मी “छान आहे” म्हणाले होते. स्वयंपाकघराचं छत गळतंय, हे मी लग्नापासून सांगतेय. ते त्याच्या लक्षात राहत नाही.

निघताना त्याने माझ्याच ओढणीने माझे डोळे बांधले. पुढे मला चकवायला म्हणून गाडी आधी उलटीकडे, तळेगावच्या बाजूला नेली. तिथून द्रुतगती मार्गावर चढलो तर उर्से टोलनाक्यावर फास्टॅगचा स्कॅनर अडला. खिडकीपाशी पावलं वाजली आणि एका बाईचा आवाज आला, “मॅडम, तुम्ही ठीक आहात ना?”

नवरा घाईने म्हणाला, “बायको हाय माजी. वाढदिवस हाय तिचा.”

“तुम्हाला नाही विचारलं. मॅडम?”

मी लगेच उत्तर दिलं नाही. पंधरा वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं, म्हणून जरा चव घेतली. नवऱ्याचा श्वास मला ऐकू येत होता. मग म्हणाले, “ठीकच म्हणायचं.” ओढणी तिथेच सुटली.

दोन दिवस गाडी चालली. गुजरात संपेपर्यंत आम्ही सासूबाईंच्या भाकऱ्या आणि ठेचा खाल्ला, कारण बाहेरचं खाऊन पोट बिघडेल अशी नवऱ्याला धास्ती. मी स्टिअरिंग मागितलं की तो म्हणायचा, “हायवे हाय, मळवली स्टेशन न्हाई.” घरी मी कामशेतच्या बाजाराला गाडी नेते, तेव्हा म्हैस, ट्रॅक्टर आणि पर्यटक असे तिन्ही चुकवते. पण ते चालवणं धरत नाहीत.

वाळवंटातल्या तंबूंच्या हॉटेलात आम्ही दोघंच पाहुणे. मॅनेजर आमच्याकडे आजारी माणसांकडे बघावं तसा बघत राहिला. “इस मौसम में कोई नहीं आता, सर.” नाचगाणी बंद, उंट गावाकडे. नवऱ्याने मुद्दाम जैसलमेरहून आणलेला केक डब्यात सरबत होऊन बसला होता. त्यावर माझं नाव लिहिलेलं होतं म्हणे. आम्ही तो चमच्याने खाल्ला, आणि मी सराव केलेला चेहरा करून “अय्या!” म्हटलं. तो इतका खूश झाला की मला स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला फोटो हवा होता. मी टेकडीवर, मागे गाडी. रस्त्याच्या कडेला ‘गाडी आगे न ले जाएँ’ अशी पाटी होती. ती त्याने वाचली, मला वाचून दाखवली आणि गाडी पुढे नेली. वीस पावलांवर चाकं रुतली. त्याने ॲक्सिलरेटर दाबला, चाकं आणखी खाली गेली. मग तो हातांनी वाळू उपसायला लागला. तासाभरात तळहातांना फोड आले आणि गाडी होती तिथेच.

शेवटी मॅनेजरने शेजारच्या ढाणीवरून, म्हणजे वस्तीवरून, एका म्हाताऱ्या बाबांना ट्रॅक्टर घेऊन बोलावलं. पांढरी मिशी, लाल फेटा. त्यांनी दोर बांधायच्या आधी नवऱ्याला शांतपणे विचारलं, “बोर्ड पढ़ना नहीं आता?”

मी तोंडाला ओढणी लावली. दर पावसाळ्यात शनिवार-रविवारी लेण्यांच्या वाटेवर लोक चिखलात गाड्या घालतात, आणि माझा नवरा ट्रॅक्टर घेऊन जातो. दोर बांधायच्या आधी कमरेवर हात ठेवून तो हेच विचारतो, “पाटी वाचता येत न्हाई का?” संध्याकाळी ओट्यावर बसून त्या शहरी येड्यांच्या नकला होतात. सगळ्यात मोठ्याने मीच हसते.

आता बाबांच्या मागोमाग आलेल्या त्यांच्या घरच्या दोन बाया ओढणीआडून आमच्याकडे बघत होत्या. एकीने दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं. आज त्यांच्या ओट्यावर कुणाची नक्कल होणार, ते मला कळलं.

नवरा कान पाडून उभा होता. बाबांनी गाडी काढून दिली, काही घ्यायला नकार दिला आणि जाताना मला म्हणाले, “बेटी, गर्मी में घर पे रहो.”

परत निघताना फोड आलेल्या हातांनी नवऱ्याला स्टिअरिंग धरवेना. मी चालकाच्या सीटवर बसले. पहिला तासभर तो शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत होता. “डावीकडं घे. ट्रक हाय. अगं ट्रक!” ट्रक अर्धा किलोमीटर लांब होता. मी गाणी लावली.

बाडमेर मागे पडल्यावर तो म्हणाला, “लय चांगली चालवतीस की.”

“म्हशी नाहीत ना इथे.”

तो हसला आणि झोपला. मला त्याच्यावर चिडायचं होतं. पण एवढ्या लांब, एवढ्या उन्हात, एवढा मूर्खपणा माझ्यासाठी दुसऱ्या कुणी केला नसता, हेही खरंच. हे त्याला सांगितलं असतं तर पुढच्या वर्षी त्याने मला हिमालयात गाडलं असतं. म्हणून नाही सांगितलं.

एका गावात कढईतून कचोऱ्या निघत होत्या. मी निंबाच्या सावलीत गाडी लावली, एसी चालू ठेवला आणि दार हळूच लोटून उतरले. बाकावर बसून एक खाल्ली, मग आणखी एक मागितली. दुकानदाराने गाडीकडे बोट दाखवून विचारलं, “साहब के लिए पैक कर दूँ?”

“नहीं,” मी म्हटलं, “उनका पेट खराब होगा.”