व्याह्यांना पाठवलेला पूर

परदेशातल्या एका सरकारनं आपल्या नागरिकांना ‘सांगलीकडे जाऊ नका’ असं बजावलं, तेव्हा आमच्या विश्रामबागच्या घरात चार किलो बुंदी पाडून झाली होती.

आमच्या मृणालचा साखरपुडा होता. ती नेदरलँड्समध्ये नोकरी करते. मुलगा, यान, तिथलाच. ती आधीच घरी आली होती. यान आणि त्याचे आईवडील पुण्यापर्यंत पोहोचले होते. शनिवारी त्यांनी सांगलीत यायचं, रविवारी साखरपुडा, मंगळवारी त्यांचं परतीचं विमान. मी सगळं नीट आखून ठेवलं होतं. नदीला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. सांगलीत पाणी शिरतं ते नदीकडच्या पेठांत. विश्रामबाग उंचावर आहे. आमच्याकडे पाणी येत नाही, पाहुणे येतात! गावात पाणी चढलं की तिकडचे झाडून सगळे नातेवाईक आमच्याकडे मुक्कामाला, ही जुनी रीत आहे. या वेळी एकोणीस जण आले होते. त्यात माझी चुलती, कावेरीकाकू, स्वतःचा भरलेला गॅस सिलिंडर घेऊन. (मागच्या एका पुरात तिचा सिलिंडर वाहून गेला. तेव्हापासून पाऊस वाढला की ती आधी सिलिंडर बाहेर काढते आणि मग काकांना.)

अशा भरल्या घरात व्याह्यांचा, म्हणजे हेंक यांचा, व्हिडिओ कॉल आला. चेहरा गंभीर. मृणाल ऐकत होती आणि आम्हाला मराठीत सांगत होती.

“बाबा, त्यांच्या सरकारनं सांगलीच्या पूरग्रस्त भागात जाऊ नका म्हणून सांगितलंय. तरी गेलं तर त्यांचा प्रवास विमा तिथं लागू होत नाही.”

“कशापुरता लागू होत नाही? सामानापुरता की तिकिटापुरता?”

“सगळाच. दवाखानासुद्धा. आणि यानच्या आईला पेसमेकर आहे, बाबा.”

सौ. खाली बसली. “म्हणजे ते येणारच नाहीत? ते तिथं, आपण इथं, आणि अंगठी काय पोस्टानं पाठवायची?”

मला खरं तर हेंक यांचं कौतुक वाटलं. मी कुकर घेतला तरी वॉरंटीच्या अटी शेवटपर्यंत वाचणारा माणूस. “बरोबर आहे त्यांचं,” मी म्हणालो. त्यावर सौ.नं माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच उपायाकडे वळलो. “आम्ही इथून नवा विमा काढून दिला तर?”

हेंक शांतपणे म्हणाले, “जे संकट आधीच ठाऊक झालंय, त्याचा विमा कुणी देत नाही.”

हे वाक्य इतकं सुरेख होतं की मी ते मृणालकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. ती रडत होती, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. “आवं दाजी, ह्येच्यात काय हाय एवढं?” हे सौ.चे थोरले बंधू, बापूसाहेब. शिराळ्याचे. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण आवाजाला अजून पेन्शन लागलेली नाही. “सांगली बंद हाय न्हवं त्यांच्या सरकारला? सातारा जिल्हा चालू हाय का बघा की!”

पलीकडून यानने मोबाइलवर त्या सरकारचा नकाशा दाखवला. सांगली तांबडी. सातारा पिवळा, म्हणजे सांभाळून जा.

“मग झालं तर! पलटणीतला आपला एक जोडीदार हाय, शिरवळला कार्यालय हाय त्येचं. पुण्याकडनं नीरा वलांडली की सातारा जिल्हा लागला. पाव्हणं तिकडनं येत्याल, आपुन हिकडनं जायचं.”

“दादा, साखरपुडा मुलीच्या दारात होतो,” सौ. कडाडली. “हायवेच्या कडेला नाही!”

“आगं, दारात पाणी आल्यावर दार हलवायचं आसतंय.”

“पण आपल्या दारात पाणी आहे कुठं?”

“त्ये त्यांच्या सरकारला सांग जा!”

रविवारी सकाळी आम्ही निघालो. आम्ही म्हणजे आम्ही तिघं, बापूसाहेब आणि ते एकोणीस. “तुम्ही घराला कुलूप लावल्यावर आम्ही जायचं कुठं?” हा काकांचा प्रश्न बिनतोड होता. दोन गाड्यांच्या जागी दोन मोठ्या गाड्या आणि एक टेम्पो झाला. कुणालाच परतायची खात्री नसल्यामुळे प्रत्येकानं अंथरूण-पांघरूण बरोबर घेतलं. कावेरीकाकूनं सिलिंडर घेतला.

“काकू, शिरवळला पूर नाही!”

“आज न्हाई,” काकू म्हणाली आणि सिलिंडरला टेकून बसली.

पेठनाक्याचा रस्ता पाण्यात होता, म्हणून तासगाव, विटा असा वळसा घेत कऱ्हाडला हायवे गाठला. तिथून थोडं पुढं गेलो तर एका हवालदारानं हात केला.

“कुठली माणसं?”

“सांगलीची,” मी म्हणालो.

त्यानं आत डोकावून पाहिलं. गाद्या, बोचकी, पातेली, म्हातारी माणसं आणि सिलिंडर कवटाळून बसलेली काकू. त्याचे डोळे भरून आले. “घ्या रं, गाड्या आत घ्या! पूरग्रस्त आल्यात!”

“अहो, आम्ही पूरग्रस्त नाही. साखरपुड्याला निघालोय.”

“व्हय काका, व्हय. आधी च्या घ्या. लय ताण पडलाय तुमच्यावर.”

शाळेच्या पटांगणात मांडव होता. तिथल्या तरुण पोरांनी आमचं एक अक्षर ऐकून घेतलं नाही. गरम खिचडी आली, बिस्किटं आली, माणशी एक घोंगडी आली. बापूसाहेबांनी पलटणीतला आवाज लावला. “आमी पूरग्रस्त न्हाई!” पोरांनी त्यांना वारा घातला आणि डॉक्टरला बोलावलं. आमचे काका (जे खरोखरचेच पूरग्रस्त होते) दुसऱ्यांदा खिचडी घेत म्हणाले, “आरं, लोकं एवढी मायेनं देत्यात, तर घ्यावं माणसानं.” मी मात्र घोंगड्या मोजून परत करायला लागलो. तेव्हा एक पोरगा दुसऱ्याच्या कानात म्हणाला, “बिचाऱ्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय.”

शेवटी मृणाल शालू सावरत गाडीतून उतरली, तेव्हा कुठं त्यांची खात्री पटली. मग त्याच पोरांनी टाळ्या वाजवून आम्हाला निरोप दिला. लाडूंचा एक डबा त्यांच्याकडे राहिला, आणि खिचडीच्या बदल्यात तो राहिला हेच बरं झालं.

शिरवळला पोहोचलो तेव्हा पाहुणे दारात उभे होते. उलटंच झालं, मुलाकडचे आमचं स्वागत करत होते! हेंक झब्ब्यात. त्यांच्या पत्नी मारिके नऊवारीत, मृणालच्या मैत्रिणीनं नेसवलेल्या. सौ.ची सगळी तक्रार त्या साडीपाशी विरघळली. मारिकेबाईंनी मृणालची ओटी भरली, साखरेचा पुडा हातात दिला. यानच्या हातून अंगठी आधी ताटात पडली, मग मृणालच्या बोटात बसली. कार्यालयाच्या खिडकीतून ट्रक दिसत होते, पण कुणी तिकडं पाहत नव्हतं. मी चष्मा पुसला. दोनदा.

आणि मग पंगत बसली. हेंक माझ्या शेजारी. भात कालवता कालवता ते सहज म्हणाले, “तसे आम्ही सांगलीलाही आलो असतो.”

“म्हणजे?”

“विमा कंपनी म्हणाली, सरकारचा सल्ला फक्त पाण्याखालच्या भागापुरता आहे. यजमानांचं घर कोरडं असेल, तर विमा चालू राहील. पण माझ्याकडे तुमचा व्हिडिओ होता.”

त्यांनी मोबाइल पंक्तीत फिरवला.

आता, पूर आला की पाणी बघायला जाणं हा सांगलीकराचा नित्यनेम आहे. पाणी घराजवळ नसेल तर तो पाण्यापर्यंत जातो. मीही व्याह्यांना व्हिडिओ पाठवायला स्कूटर काढून गावात गेलो होतो. पहिल्या गल्लीत पाणी नव्हतं, दुसऱ्या गल्लीत घोट्याएवढं होतं, म्हणून जरा शोभेलसं पाणी मिळेपर्यंत पुढं गेलो. व्हिडिओत मी रेनकोट घालून गुडघाभर पाण्यात उभा होतो आणि दोन्ही हात पसरून, हसत, इंग्रजीत सांगत होतो: “आमच्या घरी तुमचं स्वागत असो!”

पंगत थांबली.

“दाजी,” बापूसाहेब म्हणाले, “म्हंजी पूर तुमी सवता हुडकून पाठिवला व्हय?”

सौ.नं माझ्या पानात एक लाडू वाढला. त्याचा आवाज पलीकडच्या पंगतीला ऐकू गेला.

विषय बदलायचा म्हणून मी हेंकना विचारलं, “तुमच्याकडे कधी पूर येतो का हो?”

“आमचं घर समुद्रसपाटीच्या खालीच आहे,” ते म्हणाले. “बांध आहे. मजबूत आहे. आम्हाला त्याचं काही वाटत नाही.”

मृणालनं हे मराठीत सांगताच कावेरीकाकूचा घास हातातच राहिला. “आगं बया! मग ह्यांचा सिलिंडर कुठं आसतोय?”

लग्न हिवाळ्यात झालं, विश्रामबागेत, आमच्याच दारात. मारिकेबाई ठणठणीत होत्या. हेंकनी मांडवात पाय ठेवताच जमिनीला हात लावून ती कोरडी असल्याची खात्री करून घेतली.

आता येत्या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्यांच्याकडे निघालोय. प्रवास विमा काढायचाय. अजून त्याच्या अटी वाचून व्हायच्यात. अडचण एकच आहे. हेंक यांना पाणी बघायला जायची आमची पद्धत फार आवडली, आणि ते हल्ली रोज सकाळी घरामागच्या कालव्याच्या पाण्याचा फोटो पाठवतात. जे संकट आधी ठाऊक आहे त्याचा विमा मिळत नाही, म्हणून मी ते उघडतच नाही. खोटं लिहून देणं माझ्या स्वभावात नाही.

काल सौ.नं तिचा मोबाइल माझ्या डोळ्यांपुढे धरला. हेंक गुडघाभर पाण्यात, रेनकोट घालून, दोन्ही हात पसरून हसत उभे.

“बघितलंत ना?” ती म्हणाली. “झालं तुम्हाला ठाऊक. आता कसला विमा?”

मी शांतपणे चष्मा काढून खिशात ठेवला.

“कुठं काय? मला तर काहीच दिसत नाही.”