शेळ्या सावलीत का जात नाहीत?

परवा टिटवाळ्याजवळच्या आमच्या वाडीवर वणवा आला. घर आणि दारातला आंबा तेवढा वाचला. आज मी काकूला डोंबिवलीला न्यायला गेलो.

भर दुपारी सगळ्या शेळ्या उन्हात उभ्या होत्या. आंब्याच्या सावलीत एकही नव्हती.

"काकू, यांना झालंय काय?"

"आधी तू सावलीतून बाहेर ये!" म्हणत तिने बुंध्याशी कळशी ओतली. माती चर्रकन वाजली, वाफ आली. "वणवा गेला नाही रे, मुळांत उतरलाय."

"मग चल माझ्यासोबत."

"आणि शेळ्या तुझ्या फ्लॅटमध्ये बांधू?"

आंब्याची मुळं घराखाली गेली आहेत. निघताना अनवाणी आत गेलो, तर सारवलेली जमीन कोमट लागली. काकू तिथेच झोपते.

असा वणवा कोणी विझवलाय का? लवकर सांगा.