फौजी काकांचा बंपर आणि आमचं फाटक

आमच्या घराण्यात सरळ रेषेची पक्की ओळख असलेली माणसं दोनच. एक फौजी काका, कारण ते वीस वर्षं लष्करात होते. आणि दुसरा मी, कारण मी शाळेत भूमिती शिकवतो. आम्ही दोघं नसतो, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

काका लष्करात अवजड ट्रक चालवायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी लिलावात तसलाच एक जुना ट्रक घेतला आणि चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या दिवशी वारंगा फाट्याला, आमच्या अंगणात, मागं घेत घेत आणून उभा केला. फाटकातून येताना कशीबशी बोटभर जागा उरली होती. (फाटकाचे खांब माझ्या बायकोनं, संगीतानं, स्वतः उभं राहून भरून घेतलेत. सळई एवढी घालायला लावली की गवंडी रडकुंडीला आला होता!) उद्याच्या मिरवणुकीत आपला ट्रक सगळ्यांत पुढं राहणार, असं काका अख्ख्या गावाला सांगून बसले होते. अडचण एकच होती. ट्रकचा लोखंडी बंपर वाकलेला होता.

“वाकड्या बंपरची गाडी आमी मिरवणुकीत आणणार न्हाई,” काका म्हणाले. “फौजेत असली गाडी लायनीत उभी करू देत न्हाईत!”

वेल्डर रफिकभाई गॅसची टाकी आणि घण घेऊन आला. त्यानं बंपर इकडून बघितला, तिकडून बघितला आणि डोकं खाजवलं.

“सर, इसमें टेढ़ा कौनसा बाजू है?”

म्हणजे काय! उजवं टोक पट्टीसारखं सरळ होतं आणि डावं मागं वळलेलं होतं. पण वळण इतकं सफाईदार, की धडकेनं असं कसं वळेल? मग डावं बरोबर आणि उजवं बिघडलेलं? की दोन्ही बिघडलेली? मी बघत राहिलो तसतसा मलाच ट्रक तिरका दिसायला लागला.

“काका, तुम्ही वीस वर्षं असाच ट्रक चालवलात ना?”

“चालवला की! पण आत बसून! आत बसलेल्याला बंपर दिसतो व्हय?”

आता निकाल द्यायचा तर तो भूमितीनंच. मी घसा साफ केला आणि म्हणालो, “सरळ ते सरळ, वाकडं ते वाकडं. डावी बाजू ठोका!”

“मास्तर म्हणतो ते बराबर!” काका म्हणाले. (मला आयुष्यात कुणी इतक्या लवकर बरोबर म्हटलेलं नाही. मी तिथंच सावध व्हायला हवं होतं.)

मग डावं टोक गॅसनं लाल केलं, साखळीनं लिंबाच्या झाडाला बांधून ओढलं, घणानं बडवलं. शेजारच्या म्हशीनं त्या दिवशी दूध दिलं नाही! उन्हं कलताना मी शाळेची लाकडी पट्टी बंपरला लावून पाहिली. कुठं फट नाही. काकांनी मला मिठी मारली.

तेवढ्यात संगीता चहा घेऊन आली. बंपरकडं बघून थबकली.

“अहो, काकांच्या फोटोत तर असा न्हाई.”

“कुठला फोटो?”

“आपल्या बैठकीतला! ज्याच्याखाली बसून तुमी रोज चहा पिता तो!”

आम्ही आत धावलो. फोटोत तरुण काका छाती काढून ट्रकपुढं उभे, आणि त्यांच्या दोन्ही अंगांना बंपरची दोन्ही टोकं ऐटीत मागं वळलेली. धडक उजव्या बाजूला बसली होती. बिघडलेली बाजू तशीच ठेवून आम्ही दिवसभर राबून धड बाजू बिघडवली होती!

“म्हंजे... नीट व्हती तीच बाजू आपण मोडली?” काका ओट्यावर बसले. त्यांचा चेहरा बघवेना. रफिकभाईचा गॅसही संपलेला. “राहू दे मास्तर. आमी गाडी घरी नेऊन झाकून ठेवतो.”

मला इतकं वाईट वाटलं की निदान वाट दाखवावी म्हणून मी धावत फाटकात गेलो. “येऊ द्या काका, येऊ द्या! भरपूर जागा आहे!”

जागा सकाळच्या बंपरपुरती होती. आता बंपर वीतभर जास्त रुंद झालाय, हे भूमितीच्या शिक्षकाच्या ध्यानात आलं नाही.

धाड्!

दोन्ही टोकं दोन्ही खांबांवर आदळली. मी ओरडलो, “बस! बस!” पण वैतागलेल्या काकांनी उलट जोर वाढवला. ट्रक गुरगुरला, लोखंड किंचाळलं, मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ट्रक रस्त्यावर होता. संगीताच्या खांबांचा नुसता रंग खरवडला होता. आणि बंपर? दोन्ही टोकं मागं वळलेली, अगदी फोटोतल्यासारखी!

काका खाली उतरले, समोर जाऊन उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. “असाच! बराबर असाच व्हता!”

दुसऱ्या दिवशी निळे झेंडे लावून काकांचा ट्रक मिरवणुकीत सगळ्यांत पुढं होता. भेटेल त्याला काका सांगत होते, “बंपर आमच्या मास्तरनं नीट केला!” मीही कुणाची समजूत मोडली नाही.

परवा एक जण वाकड्या बंपरचा ट्रॅक्टर घेऊन दारात आला. “सर, रफिकभाईनं पाठवलं. फाटक मोकळं हाय का?”

मी आत वळून संगीताला हाक मारली. आमच्या घरात वाकडं कोणतं आणि सरळ कोणतं, ते ती बघते. मी फक्त भूमिती शिकवतो.