पूजेच्या ताटातली काडेपेटी

ती साइटवर आली त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलेलं, आणि ते मी कुणापासून लपवलंही नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या एका बंद कारखान्याच्या जागेवर आमचं काम चाललेलं. तिथल्या मातीत वर्षानुवर्षं रंग पातळ करायचं, चटकन पेट घेणारं सॉल्व्हंट मुरलेलं. जागोजागी बोअर मारून त्यात पाइप सोडलेले आणि ब्लोअर मातीतली वाफ ओढून घ्यायचा. वाफेबरोबर आलेलं सॉल्व्हंटमिश्रित पाणी एका टाकीत अडायचं, वाफ पुढे कोळशाच्या फिल्टरमधून जायची. पहिला बोअर मारला तेव्हापासून मी तिथे, वर्तकनगरहून रोज धक्के खात. आणि इनचार्जची जागा रिकामी झाल्यावर साहेबांनी आणलं कुणाला, तर कळव्याच्या एका गोडबोल्या पोरीला. म्हणाले, "सध्या दोघी मिळून बघा."

दोघी मिळून कसलं डोंबल. महिन्याभरात चहा आधी तिला जायला लागला. कामगारांच्या पोरांची नावं तिला पाठ. डब्यात कोळंबीचं कालवण आणायची आणि "ताई, घ्या ना" म्हणून पुढे करायची. मी नाहीच म्हणायचे. एकदा घेतलं, तर इतकं चांगलं निघालं की आणखीच राग आला.

दसऱ्याला साहेबांनी मशीनची पूजा ठेवली. पूजेला जिला बसवतील, तीच इनचार्ज होणार असं सगळे धरून चाललेले. मी खास साडी नेसून गेलेले, खाली सेफ्टी शूज घालून. साहेबांनी ताट सरळ तिच्या हातात दिलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

वॉचमनकाकांनी सकाळीच ब्लोअर बंद करून सगळं पुसून लख्ख केलेलं, झेंडूचे हार घातलेले. आमच्याकडे काडेपेटी, लायटर, मोबाइल गेटवरच्या डब्यात ठेवायचा नियम. काका स्वतः साहेबांचेही खिसे बघायचे. पण पूजेचं ताट कोण तपासणार? तिने फुलं बाजूला केली, निरांजनाशेजारची काडेपेटी उचलली आणि काडी काढली. तेवढ्यात मला टाकी दिसली. धुवायला म्हणून काकांनी झाकण काढलेलं, ते तसंच बाजूला पडलेलं.

"थांब. काडी ओढू नकोस," मी म्हटलं.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. साहेब म्हणाले, "अहो मॅडम, सणाच्या दिवशी तरी राहू द्या. मशीन बंद आहे, आता कसला धोका?"

"बंद आहे म्हणूनच. वाफ ओढली जात नाहीये, टाकी उघडी आहे, सगळं इथेच साचतंय."

कुणी ऐकेना. सगळ्यांना वाटलं, ही जळतेय. जळत होतेच मी. पण म्हणून टाकीवर झाकण येणार होतं का? गॅसचा मीटर केबिनमध्ये चार्जिंगला, दाखवायला हातात काही नाही. साहेब तिला म्हणाले, "लाव गं तू, उशीर होतोय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याशी कधी धड बोललेले नव्हते. मग तिने काडी परत पेटीत घातली, पेटी काकांना देऊन म्हणाली, "काका, ही गेटवर ठेवून या." आणि मला म्हणाली, "ताई, मीटर आणता?"

आणला. टाकीजवळ जाईपर्यंतच तो किंचाळायला लागला. साहेब मागे सरले, मग सगळेच गेटपाशी जाऊन उभे राहिले. झाकण बसवून आम्ही मीटर शांत व्हायची वाट पाहिली. नंतर फुलं आणि हळदकुंकू वाहून पूजा झाली, दिव्याशिवाय.

दिवाळीच्या आधी ती इनचार्ज झाली. घरी मी भांडी आपटली. "थांब म्हणाले मी आणि खुर्ची तिला," असं आईला दहादा ऐकवलं. आई म्हणाली, "अगं, तिने ऐकलं तरी."

तेच तर खुपतं. ताट माझ्या हातात असतं आणि "थांब" ती म्हणाली असती, तर मी तिच्याकडे बघत काडी ओढली असती.